‘हास्केलची टूल्स मोडकी आहेत’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इंजिनीअरिंगच्या मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गेले काही आठवडे एक मेसेज फिरतोय. दादरला दर रविवारी आम्ही काही जण एकत्र बसून हास्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतो आणि शिकवतो. तिथे तो मला तीन वेगवेगळ्या मुलांनी दाखवला, आणि एकीने तो वाचून शिकणं सोडायचंही ठरवलं होतं. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हास्केल भाषा म्हणून सुंदर आहे, पण टूल्स मोडकी आहेत. इन्स्टॉल होत नाही, पॅकेजेस एकमेकांना तोडतात, एडिटर चालत नाही, साध्या लॅपटॉपवर बिल्ड पूर्ण होत नाही, एरर वाचून काही कळत नाही, आणि साधं मराठी नावसुद्धा नीट छापता येत नाही. म्हणून नादी लागू नका.

यातली एक तक्रार बरीचशी खरी आहे, ती मी मान्य करणार आहे. बाकीच्यांचं कारण प्रत्येक वेळी सापडतं, आणि बहुतेकदा ते स्क्रीनवरच लिहिलेलं असतं.

‘इन्स्टॉलच होत नाही.’ आज जीएचसी (कोडचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर), कबाल आणि स्टॅक (इतरांनी लिहिलेल्या कोडची पॅकेजेस आणून प्रोजेक्ट बांधणारी टूल्स) आणि एडिटरला चुका दाखवायला लागणारा एचएलएस, चारही जीएचसीअप या एकाच इन्स्टॉलरमधून येतात. अडतं ते ठरावीक ठिकाणी. इन्स्टॉल झाल्यावर ‘कमांड नॉट फाउंड’ आलं, तर टर्मिनल बंद करून नवा उघडा. पाथमधला, म्हणजे कमांड कुठे शोधायच्या त्या यादीतला, बदल जुन्या खिडकीला माहीत नसतो. उबुंटूवर कधीतरी त्याच्याच ‘एपीटी’ या इन्स्टॉलरने जुना जीएचसी टाकलेला असेल, तर नवा टाकूनही चालतो तो जुनाच. ‘विच जीएचसी’ विचारलं की नक्की कुठला चालतोय ते दिसतं. बांधलेले तुकडे जोडणारा लिंकर ‘जीएमपी सापडत नाही’ म्हणत असेल, तर ‘लिबजीएमपी-डेव्ह’ हे सिस्टिमचं पॅकेज टाकायचं राहिलंय. त्यात हास्केलचा दोष नाही. आणि मोबाइल हॉटस्पॉटवर डाउनलोड करताना ‘डायजेस्ट एरर’ आली, तर आलेली फाइल मूळ फाइलशी जुळत नाही. बहुतेकदा ती अर्धवट उतरलेली असते. चांगल्या नेटवर पुन्हा चालवा. संपलं.

‘पॅकेजेस एकमेकांना तोडतात.’ ही तक्रार एके काळी शंभर टक्के खरी होती, तिला ‘कबाल हेल’ असं नावच पडलं होतं. तेव्हा सगळ्या प्रोजेक्टांची पॅकेजेस एकाच सामायिक ठिकाणी जायची. एका प्रोजेक्टसाठी एखादं पॅकेज नव्याने बांधलं, की त्यावर उभी असलेली दुसरी पॅकेजेस तुटायची. २०१५ मध्ये स्टॅक आलं, ते एकमेकांशी जुळतात हे तपासलेल्या आवृत्त्यांचा संच घेऊन. २०१६ मध्ये कबाल १.२४ ने नवी बिल्ड पद्धत आणली आणि २०१९ च्या ३.० पासून तीच नेहमीची झाली. आता प्रत्येक पॅकेज त्याच्या आवृत्तीनुसार, फ्लॅग्जनुसार (बांधतानाच्या पर्यायांनुसार) आणि त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजेसनुसार वेगळ्या नावाने साठवलं जातं, त्यामुळे एकाच पॅकेजच्या चार प्रती शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

मग आजही मुलांचं का तुटतं? आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच निघालं: जुना व्हिडिओ बघून दिलेली ‘कबाल इन्स्टॉल --लिब’ ही कमांड. ती पॅकेजची नोंद होम फोल्डरमधल्या डॉट-जीएचसी या लपलेल्या फोल्डरात, ‘एन्व्हायर्नमेंट्स’च्या आत ‘डिफॉल्ट’ नावाच्या फाइलीत करते. पुढे जीएचसीआय (ओळ लिहिली की लगेच चालवून दाखवणारा जीएचसी) कुठूनही उघडा, तो आधी ती फाइल वाचतो. तीनचार महिन्यांनी नव्या पॅकेजची त्या जुन्या नोंदींशी टक्कर होते, तोवर आपण ती कमांड विसरलेलो असतो. उपाय: ती ‘डिफॉल्ट’ फाइल काढून टाका, पॅकेजचं नाव प्रोजेक्टच्या कबाल फाइलीत ‘बिल्ड-डिपेंड्स’खाली लिहा, आणि त्या पॅकेजेससकट जीएचसीआय उघडणारं ‘कबाल रेपल’ वापरा. एवढी एक सवय लागली तरी या मुद्द्यातलं फारसं काही उरत नाही.

‘कुड नॉट रिझॉल्व्ह डिपेंडन्सीज’ आलं की मुलं घाबरतात, कारण मजकूर लांबलचक असतो. त्यात ‘रिजेक्टिंग’ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. बरेचदा तिथे ‘बेस’चं नाव असतं. बेस हे पॅकेज जीएचसीबरोबरच येतं: जीएचसी ९.४ बरोबर बेस ४.१७, ९.६ बरोबर ४.१८. तुमच्या पॅकेजला ४.१८ च्या खालचा बेस हवा असेल आणि तुम्ही ९.६ वर बसला असाल, तर कबाल नाही म्हणणारच. जीएचसीअपने ९.४ टाका, त्या प्रोजेक्टपुरता तो निवडा. त्याआधी एकदा ‘कबाल अपडेट’ करायला विसरू नका. कित्येकदा पॅकेजची यादीच जुनी असते.

‘एडिटर चालत नाही.’ मुलुंडहून येणाऱ्या एका मुलीचा लॅपटॉप याच कारणाने माझ्यासमोर आला. व्हीएस कोड या एडिटरमध्ये रंग दिसत होते, पण टाइप (कुठलं मूल्य कुठल्या प्रकारचं ते) दिसेना आणि चुकीखाली लाल रेघ येईना. तिने तीन वेळा सगळं काढून पुन्हा टाकलं होतं. मी तिला एवढंच सांगितलं, की एडिटर बाजूला ठेव, टर्मिनलमध्ये प्रोजेक्टच्या फोल्डरात जा आणि ‘हास्केल-लँग्वेज-सर्व्हर-रॅपर’ चालव. दोन मिनिटांत उत्तर आलं: प्रोजेक्टचा जीएचसी अमुक आवृत्तीचा, त्या आवृत्तीसाठी एचएलएस सापडला नाही. तिने यादीतला सगळ्यात नवा जीएचसी निवडला होता. एचएलएसची फाइल ज्या जीएचसीने बांधलेली असते, त्याच आवृत्तीच्या प्रोजेक्टवर चालते. नवा जीएचसी येतो, त्यानंतर त्याला साथ देणारा एचएलएस यायला वेळ लागतो. म्हणून जीएचसीअपच्या यादीत ‘लेटेस्ट’ बघू नका, ‘रेकमेंडेड’ बघा, आणि शेजारी ‘एचएलएस-पॉवर्ड’ लिहिलंय का तेही बघा. तिने तसा बदल केला आणि प्रोजेक्ट पुन्हा उघडला. पहिली लाल रेघ उमटली तेव्हा ती चूक सापडल्याबद्दल हसली. तीन वेळा काढून टाकण्यात गेलेल्या तिच्या संध्याकाळींचं मला फार वाईट वाटलं. तीच कमांड तिला पहिल्याच दिवशी कुणी सांगायला हवी होती.

‘साध्या लॅपटॉपवर बिल्ड पूर्ण होत नाही.’ इथे मेसेज लिहिणाऱ्याचं बरंच बरोबर आहे. ४ जीबी रॅममध्ये ब्राउझर, व्हीएस कोड आणि एचएलएस एकत्र बसत नाहीत, आणि एकेक जीएचसी डिस्कवर भरपूर जागा खातो. बिल्ड मध्येच मेली आणि कबालने ‘सिगकिल’ हा शब्द छापला, तर ते मेमरी संपल्याचं लक्षण आहे, तुमच्या कोडमध्ये काही चुकलेलं नाही. कबाल एरवी मशीनला जितके कोअर तितकी पॅकेजेस एकदम बांधायला घेतो; ‘-जे१’ दिलं की एकेक करून बांधतो. वेळ जास्त लागतो, पण बिल्ड पूर्ण होते. शिकण्यापुरतं जीएचसीआय आणि साधा एडिटर पुरतो. जमलं तर लॅमिंग्टन रोडला जाऊन रॅम वाढवून घ्या, पण त्यासाठी शिकणं थांबवू नका.

‘एरर वाचून काही कळत नाही.’ २०२३ च्या जीएचसी ९.६ पासून एररला क्रमांक असतो. टाइप जुळत नसेल तर ‘जीएचसी-८३८६५’, नाव सापडत नसेल तर ‘जीएचसी-८८४६४’. हास्केल एरर इंडेक्समध्ये तो क्रमांक टाकला की सोप्या इंग्रजीत स्पष्टीकरण आणि चुकीचं-बरोबर असं उदाहरण मिळतं. ‘हिडन पॅकेज’वाला मेसेज तर उपाय हातात देतो: ‘डेटा.मॅप’ हे मॉड्यूल ‘कंटेनर्स’ पॅकेजमध्ये आहे, ते बिल्ड-डिपेंड्समध्ये लिहा. शेवटची ओळ वाचेपर्यंत थांबायला हवं.

आता मराठी. मला हा मुद्दा सगळ्यात जास्त लागला, कारण यात आपल्या लिपीचं नाव घेऊन चुकीचं सांगितलंय. मेसेजबरोबर एक चित्र आहे: ‘प्रिंट’ला ‘मुंबई’ दिलं, आणि स्क्रीनवर २३५०, २३६९, २३०६, २३४८, २३१२ असे आकडे आले, प्रत्येकाआधी उलटी तिरपी रेघ. हे बिघडलेलं नाही. तो म, मग उकार, मग अनुस्वार, मग ब, मग ई. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या तक्त्यामधले त्यांचे क्रमांक. ‘प्रिंट’ आधी ‘शो’ करतं, आणि ‘शो’चं काम ती स्ट्रिंग पुन्हा कोडमध्ये जशीच्या तशी वाचता येईल अशी लिहिणं, म्हणून आस्कीबाहेरचं, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं सोडून, प्रत्येक अक्षर ते क्रमांकात लिहितं. ‘पुटस्ट्रलन’ वापरा, मुंबई मुंबईच छापली जाते.

‘पुटस्ट्रलन’नेही ‘कॅनॉट एन्कोड कॅरॅक्टर’ अशी एरर आली तर कारण वेगळं आहे. हास्केल स्क्रीन आणि फाइलींसाठी सिस्टिमचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) वापरतं, आणि डॉकरसारख्या बंदिस्त वातावरणात ते अनेकदा ठरवलेलंच नसतं. ‘लँग’ या सिस्टिमच्या व्हेरिएबलला ‘सी.यूटीएफ-८’ द्या. विंडोजच्या कन्सोलवर कोड पेज ६५००१ करा. किंवा प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच स्टडआउटचं, म्हणजे स्क्रीनवर जाणाऱ्या मजकुराचं, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठरवा, म्हणजे मशीन कुठलंही असो. आमच्या गटाने पश्चिम रेल्वेच्या स्टेशनांची मराठी यादी फाइलीतून वाचून, उलटी करून छापणारा छोटा प्रोग्रॅम केलाय. विरारपासून चर्चगेटपर्यंत एकही अक्षर तुटत नाही.

अजूनही कुणाचं अडत असेल, तर कुठली कमांड दिली आणि टर्मिनलवर काय आलं तो सगळा मजकूर कॉपी करून मला पाठवा. स्क्रीनचा फोटो नको. फोटोत वरची पहिली ओळ कापली जाते, आणि मला आधी तीच वाचायची असते.