रुमाल, टॉवेल आणि मोजलेले पैसे

सोलापूरच्या आमच्या जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मागच्या महिन्यात एक चित्रफीत आली होती. मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या क्रूझच्या डेकवर एक मोठे कुटुंब स्पीकरवर गाणी लावून नाचते आहे आणि शेजारच्या खुर्च्यांवरचे वृद्ध जोडपे उठून आत निघून जाते आहे, एवढेच तिच्यात होते. पण तिच्यावरून दोन दिवस वाद रंगला. निम्म्यांचे म्हणणे असे की आपल्या लोकांना शिस्तच नाही, परदेशात जाऊन बघा. उरलेल्यांचे म्हणणे असे की सुट्टीचे पैसे मोजल्यावर थोडी मजा केली तर बिघडले कुठे. मी चौदा वर्षे इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनला राहतो, या बंदरातून सुटणारी क्रूझ जहाजे नेहमी पाहतो, आणि गेल्या उन्हाळ्यात आई आणि अप्पांना घेऊन त्यांपैकीच एका जहाजाने सात रात्रींसाठी नॉर्वेला जाऊनही आलो. परदेशात जाऊन जे पाहिले त्यावरून मला हे दोन्ही पक्ष चुकीचे वाटतात.

पहिल्या सकाळी साडेसहाला अप्पा आणि मी डेकवर गेलो. पोहण्याच्या तलावाभोवती चिटपाखरू नव्हते, परंतु पुढच्या दोन रांगांतल्या जवळजवळ प्रत्येक खुर्चीवर टॉवेल पसरलेला होता आणि त्यावर एखादे पुस्तक नाहीतर चपलांचा जोड ठेवलेला होता. अप्पांची सारी नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात गेली. त्यांनी सवयीने एका टॉवेलचा कोपरा उलटून अंगठ्याखाली चोळून पाहिला, काठाची शिवण पाहिली, माल बरा आहे म्हणाले, आणि मग विचारले, "पण ही माणसं कुठं आहेत?" माणसे खाली झोपली आहेत, ही फक्त जागा धरून ठेवली आहे, असे मी सांगितले. "म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसंच की," अप्पा म्हणाले. तसेच होते ते. आणि त्या आठवड्यात त्या डेकवर आमच्याखेरीज दुसरे भारतीय कुटुंब मला दिसले नाही.

फरक दिसला तो नऊच्या सुमारास. गणवेशातला एक कर्मचारी येऊन रिकाम्या खुर्च्यांवर वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवत गेला, चाळीस मिनिटांनी परत आला आणि तोवर जिथे कोणी आले नव्हते तिथले टॉवेल व वस्तू त्याने टोपलीत गोळा केल्या. तो कोणाला काही बोलला नाही. नियम तिथल्या पाटीवर लिहिलेला होता आणि तो सर्वांना सारखा होता. थोड्या वेळाने एक गृहस्थ तावातावाने आले आणि आपण या सुट्टीचे पूर्ण पैसे मोजले आहेत, असे त्याला सुनावू लागले. कर्मचाऱ्याने त्यांचे पुस्तक नम्रपणे परत दिले. खुर्चीवर मात्र तोवर दुसरे कोणी बसले होते.

'पैसे मोजलेत' हे शब्द मी सोलापुरात मंगल कार्यालयातल्या वाढप्यावर, हॉटेलातल्या पोऱ्यावर आणि रिक्षावाल्यावर उगारलेले लहानपणापासून ऐकले आहेत, आणि उत्तर समुद्रात ते इंग्रजीत ऐकले. जहाजावरचा बहुतेक असभ्यपणा या दोन शब्दांतून उगवतो, असे माझे ठाम मत आहे. तिकिटाने केबिन आपली होते. डेक, लिफ्ट, जेवणघर आणि तिथली शांतता या गोष्टी बरोबरच्या हजारो प्रवाशांच्याही असतात, कारण पैसे त्यांनीही मोजलेले असतात. शिस्तीचा संबंध जातीशी किंवा देशाशी जोडणाऱ्यांना मी आपली गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, आठवायला सांगेन. बाराबंदी घातलेले भक्त सात नंदीध्वजांचा, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांचा, तोल सांभाळत ६८ लिंगांची प्रदक्षिणा जिथे दरवर्षी पूर्ण करतात, त्या गावाला शिस्त म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. तिथे कोणी आपले पैसे मोजून दाखवत नाही, इतकेच.

जहाजावरच्या काही शिष्टाचारांचा संबंध मात्र थेट जिवाशी आहे, आणि आपल्या वादांत त्यांचाच उल्लेख नसतो. निघण्यापूर्वी मस्टर ड्रिल होते, म्हणजे आणीबाणीत कोणी कुठे जमायचे याचा सराव. तो टाळण्याकडे, किंवा तो चालू असताना मोबाइलवर बोलण्याकडे, सगळ्याच देशांच्या प्रवाशांचा कल असतो. १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो २४ तासांत केव्हाही घेतला तरी चालत असे. २०१५ पासून तो जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. बाल्कनीतल्या सिगारेटचेही तसेच आहे. २००६ च्या मार्चमध्ये जमैकाजवळ 'स्टार प्रिन्सेस' जहाजावर बाल्कनीत आग लागली आणि ती भराभर शेजारच्या केबिनींत पसरली. त्यात एका प्रवाशाचा मृत्यू झाला. विझवून न टाकलेली सिगारेट हेच तिचे संभाव्य कारण मानले गेले. 'माझी बाल्कनी, माझी मर्जी' असे म्हणणाऱ्याच्या बाल्कनीला लागूनच दुसऱ्याची बाल्कनी असते.

हात धुण्याचेही सांगितले पाहिजे. जुलाब-उलट्या घडवणारा नोरोव्हायरस जहाजासारख्या बंदिस्त जागी झपाट्याने पसरतो, आणि त्यावर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही, साबण आणि पाणीच लागते. बुफेच्या दाराशी असलेल्या बेसिनला वळसा घालून पुढे जाणारी माणसे पाहून आईला खरोखर वाईट वाटले. हात धुतल्याशिवाय पानावर बसू नये आणि उष्ट्या हाताने वाढायचा डाव धरू नये, हे तिने आम्हाला दटावून शिकवले होते. तिचे हे सोवळे जहाजावरच्या आरोग्याच्या नियमाशी तंतोतंत जुळते. उलट, बुफेत ताट शिगोशीग भरून अर्धे टाकून देणारे आपले लोक मी इतरत्र पाहिले आहेत, तेव्हा इथे आपल्यालाही बोल लावून घ्यावा लागेल. रात्री अकरानंतर केबिनीची दारे उघडी टाकून बोळातून एकमेकांना हाका मारण्याची सवयही आपल्याच घरांतली आहे. ती आमच्या घरातही होती. दुसऱ्या रात्री शेजारच्या बाईंनी बाळ झोपल्याचे हळूच सांगितले आणि आम्ही दार लावून घेतले.

मला सर्वांत अधिक बोलायचे आहे ते कर्मचाऱ्यांविषयी. आमची केबिन आवरणारा तरुण गोव्याचा होता. आईशी तो मराठीत बोलायचा, तिला मावशी म्हणायचा. घर सोडून त्याला सात महिने झाले होते. दर २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळावी, असा आंतरराष्ट्रीय नियम या कामगारांसाठी आहे. याचाच दुसरा अर्थ असा की उरलेला सगळा वेळ त्यांच्याकडून काम घेता येते, आणि करार संपेपर्यंत त्यांना रविवारची सुट्टीही बहुधा नसते. अनेक कंपन्या प्रवाशांच्या बिलात रोजची बक्षिशी लावतात, आणि काउंटरवर जाऊन ती रद्द करता येते. हा 'पैसे वाचवण्याचा उपाय' म्हणून आमच्या गटावर तीनदा आला, आणि तिन्ही वेळा त्याला पसंतीचे अंगठे मिळाले. मला ते वाचून लाज वाटली. लाखभर रुपये सुट्टीवर खर्च करणाऱ्याने ज्याच्या हातून आठवडाभर अंथरूण घालून घेतले त्याचाच पैसा कापावा, याला हुशारी म्हणता येणार नाही.

दिवाळीनंतर माझा आतेभाऊ आत्यासह आठ जणांना घेऊन सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला आणि तिथून क्रूझने गोव्याला जाणार आहे. कपडे कोणते घ्यावेत, असे त्याने मला विचारले होते. कपड्यांचे उत्तर दिले आणि पुढे एवढेच लिहिले की आत्याचे गुडघे दुखतात, तेव्हा चढल्याबरोबर तिची जमायची जागा कोणत्या डेकवर आहे ते तिला सोबत नेऊन दाखव आणि वाटेतले जिने मोजून ठेव, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाही.