ठाण्याचा किल्ला राहून गेला
देशभरातील अपरिचित ठिकाणांवरचा तुमचा लेख वाचला. त्यात ठाणे जिल्ह्यातून केवळ अंबरनाथचे शिवमंदिर आले आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील शिलालेख असलेल्या त्या मंदिराची निवड योग्यच आहे. मात्र ठाणे शहरातला किल्ला राहून गेल्याची रुखरुख वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

आजचे ठाणे मध्यवर्ती कारागृह हाच तो किल्ला. पोर्तुगीजांनी त्याचे बांधकाम काढले, १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी जिंकला. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या आरोपावरून येथे कैदेत असलेले पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ च्या सप्टेंबरात निसटले. बाहेर घोड्याची निगा राखणारा मोतद्दार मराठी गाण्यांतून त्यांना खुणेचे निरोप देत असे आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना त्याचा अर्थ कळत नसे, अशी हकीकत सांगितली जाते. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी याच तटांच्या आत फाशी देण्यात आले.

कारागृहामुळे आत सहज जाता येत नाही, हे खरे. पण रस्त्यावरून दिसणारा तटही थांबून पाहण्यासारखा आहे. ठाण्यात वाढलेली माझी मुले कित्येक वर्षे त्याला निव्वळ तुरुंगाची भिंत समजत होती, याचे मला आजही वाईट वाटते. लेखाच्या पुढील भागात या किल्ल्याला आणि नवी मुंबईतील बेलापूरच्या किल्ल्याच्या अवशेषांना जागा द्यावी, ही मनःपूर्वक विनंती.