‘जाहिरातपत्रक’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, जशीच्या तशी ठेवली आहे, याची आधी नोंद घ्यावी. कस्टम, म्हणजे सीमाशुल्क खातं, देशाची सीमाही राखतं, असं सांगणारा माझा लेख म्हणजे ‘खात्याचं जाहिरातपत्रक’, हे लिहिताना तुम्हाला मजा आली असणार. असो. तुमचं देणं आधी चुकतं करतो: पासपोर्टवर शिक्का कस्टम मारत नाही, इमिग्रेशन मारतं, ते गृह मंत्रालयाकडे, कस्टम अर्थ मंत्रालयाकडे. लेखातली ती चूक माझी, दुरुस्त केली. पण एका शिक्क्यावरून थेट ‘अभ्यास शून्य’?

आता तुमचं ते वाक्य. ‘सीमा राखतं बीएसएफ, कस्टम फक्त वसुली करतं.’ अहो, बारा वर्षं न्हावाशेवा बंदरात एका क्लिअरिंग एजंटाकडे, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याकडे, काढली आहेत मी. कंटेनरच्या दाराचं बोल्ट सील (लोखंडी मोहोर) तोडताना भर उन्हात शेजारी उभा राहिलोय. एकदा इटलीहून यंत्र आलं. ड्यूटी भरलेली, कागद चोख. तरी माल अडला! कशावरून? यंत्राखालच्या लाकडी पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटीवर, गव्हाच्या लोंबीचा तो छोटा शिक्का नव्हता. लाकूड तापवून किंवा धुरी देऊन त्यातली कीड मारली आहे, याची ती खूण. इकडे डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकून पडल्याचा आकार, रोज चढतंय, माल मागवणाऱ्या पार्टीचे फोन थांबत नाहीत, आणि कस्टमचे साहेब पॅलेटपाशी उकिडवे बसून टॉर्च मारतायत.

ड्यूटी तर जमा झाली होती. नुसती वसुलीच करायची असती, तर माल सोडून मोकळे झाले असते ना? १९६२ च्या कस्टम्स ॲक्टचं कलम ११ उघडा. आयात-निर्यातीवर बंदी कशाकशासाठी घालता येते, ते तिथे आहे. देशाची सुरक्षा आहेच, पण माणसांचं, जनावरांचं, झाडापिकांचं आरोग्यही आहे. यार्डात पॅलेट उलटी करून बघायला बीएसएफचा जवान येणार आहे का?

राहिलं ‘१९९३ ला शेखाडीला आरडीएक्स उतरलं, तेव्हा तुमचे साहेब कुठे होते?’ हे. त्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात काही कस्टम अधिकाऱ्यांना शिक्षा झाली, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो वेगळा विषय, माझ्या लेखाचा नव्हताच. बाकीच्या मुद्द्यांना उत्तर द्यायला वेळ नाही.

आणि ‘खात्याकडून किती मिळतात?’ याचं उत्तर: कंटेनरच्या दाराने फाडलेल्या अंगठ्यावर तीन टाक्यांचा वण मिळाला. फोटो हवा असेल तर टाकतो. तुम्ही तेवढं टोपणनाव सोडून खऱ्या नावाने विचारा.