अर्थ पिन, हम आणि बेसच्या तारा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बेस गिटारच्या निगेवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही, आणि का पटला नाही हे तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलंत, हे फार बरं झालं. हेच प्रश्न मनात असलेले पुष्कळजण असतात, विचारत मात्र नाहीत. म्हणून दोन ओळींत भागवत नाही, सविस्तर लिहितो.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही वीस वर्षं ॲम्पच्या (बेसचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) प्लगची अर्थ पिन, म्हणजे जमिनीशी जोडणारी तिसरी पिन, काढून वाजवताय. पिन काढली की हम, म्हणजे स्पीकरमधली सततची घूं, जातो, हा रोजचा अनुभव. आजवर कुणाला काही झालेलं नाही. फ्यूज आणि एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) असतातच. कीबोर्डच्या अडॅप्टरला तर दोनच पिना असतात, मग ॲम्पला तिसरी कशाला? आणि तारा, जॅक (केबल खोचायची जागा), पोट (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा पोटेन्शियोमीटर) यांवरच्या लेखात अर्थिंगचा विषय घुसवून मी नवख्या मुलांना उगाच घाबरवतोय.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. तारा सैल करून बेसचा ब्रिज एकदा उचलून बघा. खाली लाकडात एक बारीक भोक दिसेल. त्यातून एक उघडी वायर बाहेर येऊन ब्रिजच्या धातूखाली दाबली गेलेली असते. तिचं दुसरं टोक आत पोटच्या पाठीवर सोल्डर केलेलं असतं. तिथून जॅकच्या स्लीव्हला (बाहेरच्या धातूच्या भागाला), स्लीव्हमधून केबलच्या शील्डला (आतल्या वायरभोवतीच्या जाळीला), शील्डमधून ॲम्पच्या चासीला (पत्र्याच्या सांगाड्याला), आणि चासीवरून तिसऱ्या पिनेतून जमिनीला. म्हणजे तुम्ही तारेवर बोट ठेवता तेव्हा ते विजेच्या हिशेबाने ॲम्पच्या पत्र्यावरच ठेवलेलं असतं. काही बेस याला अपवाद आहेत. ईएमजी कंपनीच्या पिकअपांसारख्या ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, पिकअपांत (तारांचा कंप टिपणाऱ्या कॉइलांत) ब्रिजची वायर मुद्दामच जोडत नाहीत. पण बहुतेक पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीच्या, बेसमध्ये ही साखळी असते, आणि तिचं एक टोक तुमच्या हातात असतं. तारांची निगा एकीकडे आणि अर्थिंग दुसरीकडे अशी वाटणी मी कशी करू?

आता तुमची वीस वर्षं. तुमच्या अनुभवावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि काही का झालं नाही याचं कारणही सांगता येतं. ॲम्पची पिन काढलीत तरी ॲम्पमधून साउंड मिक्सरला लाइन (सिग्नलची केबल) जाते. मिक्सरला अर्थ असतो. त्यामुळे तुमच्या ॲम्पची चासी त्या सिग्नल केबलच्या शील्डमार्गे, मिक्सरमधून, जमिनीशी जोडलेली राहते. इतकी वर्षं तुम्हाला सांभाळलं ते त्या केसाएवढ्या तारांच्या जाळीने. ॲम्पच्या आत फेजची वायर सुटून चासीला टेकली, तर तो सगळा करंट त्या जाळीतून आणि मिक्सरमधून जाऊ बघेल. ती जाळी त्यासाठी बनवलेलीच नसते. ती जळून तुटली आणि एमसीबी पडला नाही, तर बेसच्या तारा फेजवर, म्हणजे जिवंत.

याहून वाईट प्रसंग असा. साउंडवाल्याला तुमच्या लाइनवर थोडा हम ऐकू येतो. तो डीआय बॉक्सवरचं (ॲम्प आणि मिक्सर यांच्या मधल्या जोडणीच्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे शील्डची जोडणी तोडणारं, बटण दाबतो. त्याचं काहीच चुकलेलं नाही, ते बटण त्यासाठीच असतं. पण तुमची पिन काढलेली आहे हे त्याला माहीत नाही. आता ॲम्पला कुठूनच अर्थ नाही, आणि तुम्ही दोघंही मनाने सुरक्षित आहात. वाजवता वाजवता कोरससाठी तुम्ही माइककडे झुकता. माइकची जाळी मिक्सरमार्गे जमिनीशी जोडलेली, हातातल्या तारा मात्र अधांतरी, आणि ॲम्पच्या आत फेज चासीला टेकली तर जिवंत. मधला दुवा तुमचं शरीर.

हे पुस्तकातलं नाही. १९७२ च्या मे महिन्यात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे स्वान्सीमध्ये मंचावरच, माइकला हात लागून, विजेच्या धक्क्याने गेला. १९७६ मध्ये यार्डबर्ड्सचा पूर्वीचा गायक कीथ रेल्फ घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना गेला. अर्थिंग धड नव्हतं. दोघंही रोज हेच काम करणारे लोक होते.

फ्यूज आणि एमसीबीबद्दल. ते वायर वाचवतात. त्यांचा रक्षक म्हणून उपयोग होतो तो अर्थ असेल तेव्हाच: फेज चासीला टेकली की अर्थमधून प्रचंड करंट वाहतो आणि एमसीबी क्षणात पडतो. अर्थ नसेल तर चासी नुसती जिवंत राहते, कुणाचा तरी हात लागेपर्यंत. घामेजल्या हातांनी शरीराचा रोध हजार-दीड हजार ओहमच्या आसपास धरा. २३० व्होल्टला दीडशे-दोनशे मिलिॲम्पियर करंट अंगातून जाईल. हृदयाची लय बिघडायला तो पुरेसा आहे. सहा ॲम्पियरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही. माणसासाठी असतो तो ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच. तीस मिलिॲम्पियरच्या गळतीवर तो ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि पाचपट गळतीवर ४० मिलिसेकंदांच्या आत तुटायला हवा. मंचाच्या बोर्डावर तो आहे का हे विचारा, आणि कुणी वाजवायला लागण्याआधी त्याचं टेस्टचं बटण दाबून घ्यायला सांगा. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आलं तर त्यालाही काही कळत नाही, हे लक्षात असू द्या.

दोन पिनांच्या अडॅप्टरचा मुद्दा रास्त आहे. त्या अडॅप्टरवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं. त्याचा अर्थ आतली बांधणीच दुहेरी इन्सुलेशनची आहे, एक थर फुटला तरी दुसरा राहतो. तिथे अर्थची गरज नसते. तुमचा ॲम्प पत्र्याच्या चासीचा आहे आणि कंपनीने त्याला तीन पिनांची केबल दिलीय, म्हणजे त्याची सगळी सुरक्षितता त्या तिसऱ्या पिनेवर बेतलेली आहे. पिन काढल्याने तो दुहेरी इन्सुलेशनचा होत नाही.

आता हम. हा तुमचा खरा त्रास आहे आणि तो मी कमी लेखत नाही. बेसवाल्याला तर तो सगळ्यात जास्त छळतो. पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर हमचा पाया ५० हर्ट्झ, जोडीला १००, १५०. बेसची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झ, तिच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झ. म्हणजे हम नेमका तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेटच्या मध्ये बसतो. ६० हर्ट्झच्या पुरवठ्यावर तो ए तारेच्या पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटच्या मध्ये जातो. गायकाच्या माइकवर लो कट (खालचे सूर कापणारं बटण) दाबून सुटका होते, तुमची होत नाही. ईक्यूने (सूरांचे पट्टे कमीजास्त करून) हम कापायला गेलात की जी कापला जातो.

पण सगळे हम एकसारखे नसतात, आणि अर्थ पिनेचा संबंध त्यातल्या एकाशीच आहे. बाकीच्यांवर पिन काढणं म्हणजे रोग रेड्याला नि औषध पखालीला. म्हणून आधी ओळख पटवा. बेसचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. हम गेला तर तो बेसमधून येतोय. मग व्हॉल्यूम परत वाढवून जागच्या जागी हळूहळू वळा. वळताना हम कमीजास्त झाला तर पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा लाइटच्या डिमरचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय. चार पावलं बाजूला सरका. जॅझ बेस (दोन पिकअपांचा बेसचा प्रकार) असेल तर दोन्ही पिकअप एकसारखे पूर्ण उघडून बघा. दोन्ही कॉइल एकमेकींचा हम खोडतात, एक कमी केलात की हम परत येतो. तारांना हात लावल्यावर खरखर थांबत असेल, तर शील्डिंग अपुरं आहे पण ब्रिजची वायर शाबूत आहे. हात लावल्याने काहीच फरक पडत नसेल आणि खरखर चालूच असेल, तर ती वायर तपासा.

आणि व्हॉल्यूम शून्यावर असूनही हम असेल, तर मिक्सरला जाणारी लाइन काढा. लाइन काढल्याबरोबर ॲम्पमधला हम थांबला, तर ते ग्राउंड लूप. ॲम्प एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्यावर, दोघांनाही अर्थ, आणि मधे शील्डने पुन्हा जोडणी. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये जरासा फरक असला की शील्डमधून करंट वाहतो आणि तो ऐकू येतो. तुमच्या पिन काढण्याने जात होता तो हाच. तो तोडायचा सिग्नलच्या बाजूने. ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय घ्या आणि त्याचा ग्राउंड लिफ्ट दाबा. शील्ड सुटतं, आवाज ट्रान्सफॉर्मरमधून चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, आणि ॲम्पचा अर्थ जागच्या जागी राहतो. फँटमवर (मिक्सरकडून केबलमधूनच येणाऱ्या विजेवर) चालणाऱ्या ॲक्टिव्ह डीआयला परतीची वाट पिन १ मधूनच, म्हणजे शील्डच्या पिनेतूनच, लागते, म्हणून या कामाला पॅसिव्हच खात्रीचा. शक्य असेल तर ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा, अर्धं भांडण तिथेच मिटतं.

बेसची निगा म्हणजे तारा बदला आणि पुसून ठेवा, असं तुम्ही म्हणता. पुसणं हवंच, घामाने तारा मरतात. पण तोच घाम ब्रिजखाली उतरतो आणि त्या दाबलेल्या वायरवर गंज धरतो. तारा बदलताना मल्टिमीटरची एक पिन ब्रिजला, दुसरी जॅकच्या स्लीव्हला लावा. बीप आलं पाहिजे आणि रोध एखाद्या ओहमच्या आत असला पाहिजे. नसेल तर वायरचं टोक घासून परत दाबा. जॅकचा नट सैल झाला की आपण तो बाहेरून आवळतो, आतला जॅक त्याच्याबरोबर फिरतो आणि वायर पिळून सोल्डर तुटतो. म्हणून आतून जॅक धरूनच आवळा. ॲक्टिव्ह बेसची केबल रात्री काढून ठेवा. बहुतेकांत जॅक हाच बॅटरीचा स्विच असतो. ट्रस रॉड (बेसच्या मानेतली वाक सांभाळणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, आणि अडला तर जोर लावू नका. बाकी मूळ लेखात आहेच.

एक सवय मात्र आग्रहाने सांगतो. साउंड चेकला गाण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक पिन माइकच्या जाळीला, एक बेसच्या तारेला. आकडा शून्याच्या आसपास हवा. तिथे शे-सव्वाशे व्होल्ट दिसले तर बहुधा कुणाचा तरी अर्थ तुटलाय आणि चासी आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरांमुळे अर्ध्या पुरवठ्यावर तरंगतेय. पूर्ण पुरवठ्याएवढा आकडा दिसला तर कुठेतरी फेज धातूला लागलीय. दोन्ही वेळा कुणालाही कशाला हात लावू देऊ नका, मेन बंद करा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. सॉकेटमध्ये घालायच्या तीन दिव्यांच्या टेस्टरवर विसंबू नका. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून फेजची अदलाबदल झाली असेल तर तो सगळं ठीक दाखवतो, आणि प्रत्येक चासी जिवंत असते.

वायरलेस घेतल्यावर हे सगळं सुटतं का, असंही तुम्ही विचारलंय. तारांमधून ॲम्पकडे जाणारी वाट तुटते, तेवढा फायदा नक्की. पण ॲम्पच्या पत्र्याला तुमचा हात लागतोच, आणि बँडमधल्या दुसऱ्या कुणाच्या हातात केबलवाली गिटार असते.

तर पहिलं काम: ॲम्पची केबल टाकून द्या आणि तीन पिनांची नवी, योग्य जाडीची घ्या. ती लावल्यावर हम परत येईलच असं धरून चाला. मग वरच्या क्रमाने तपासा आणि इथेच लिहा: व्हॉल्यूम शून्यावर हम राहतो का, वळल्यावर बदलतो का, लाइन काढल्यावर जातो का, आणि ॲम्प व मिक्सर एकाच बोर्डावर आहेत का. एवढं कळलं की पुढचं मी सांगतो.