पीडीएफ की पानांची विटंबना?

रावेरच्या केळी उत्पादकाने बाजारभावाच्या वेबपेजची पीडीएफ काढली, तर तिच्यात भाव सोडून सर्व काही असते! मेनूची पट्टी प्रत्येक पानाच्या डोक्यावर हजर, ‘कुकीज स्वीकारा’ ही चौकट नेमकी आकड्यांवर बसलेली आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तो दराचा रकाना ए-फोर कागदाच्या उजव्या कडेला अर्धा कापला गेलेला. शेवटची एकच ओळ दुसऱ्या पानावर जाते आणि झेरॉक्सवाला त्या पानाचेही पैसे घेतो (त्याने तरी का सोडावेत?). छपाईसाठी वेगळी मांडणी लिहिण्याची सोय सीएसएस या वेबपेजचे रूप ठरवणाऱ्या भाषेत १९९८ पासून आहे. मेनू लपवा, तक्त्याची ओळ मध्येच तोडू नका, एवढे सांगायला मोजक्या ओळी पुरतात. त्या लिहायला वेबसाइटवाल्यांना कोणता मुहूर्त हवा आहे? अक्षय्य तृतीयेचा? काही महाभाग तर पानाचे चित्रच काढून त्याला पीडीएफ म्हणतात: त्यात ना शब्द शोधता येतो, ना मजकूर उचलता येतो, आणि मोठे करून पाहावे तर जोडाक्षरांचा नुसता चिखल. असला कागद घेऊन शेतकऱ्याने बँकेत कोणत्या तोंडाने जायचे?