अमेरिकेतले विरोधक गप्प बसत नाहीत

गेल्या दोन महिन्यांत एकच मजकूर माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला. चौथ्यांदा तो मामांनी पाठवला, खाली तिरंगा आणि जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत देशावर संकट आलं की पक्षभेद संपतात, युद्ध चालू असताना विरोधक सरकारला एक प्रश्न विचारत नाहीत. शाळेत प्रत्येक मुलाला झेंड्याची प्रतिज्ञा म्हणावीच लागते. राष्ट्रगीताला उभं न राहणाऱ्याला आणि झेंडा जाळणाऱ्याला थेट तुरुंग. ९/११ नंतर सगळा देश एका माणसामागे उभा राहिला. राष्ट्राध्यक्षाचा अपमान तिथे देशाचा अपमान मानतात. म्हणूनच अमेरिका महासत्ता झाली आणि आपण भांडत बसलो.

मामांच्या देशप्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच एका इमोजीवर न भागवता नीट उत्तर लिहिते आहे. सरकारला प्रश्न विचारणारा तो देशाचा वैरी, हे पटवण्यासाठी या मजकुरात जी अमेरिका उभी केली आहे, ती तिथल्या इतिहासात मला कुठेच सापडत नाही.

आधी युद्धाचं बोलू. १८४६ साली राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक यांनी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कळवलं की मेक्सिकोनं अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकी रक्त सांडलं आहे. युद्ध पेटलं. पुढच्या वर्षी डिसेंबरात इलिनॉयचा एक नवखा खासदार सभागृहात येऊन बसला. तोवर अमेरिकी फौजा मेक्सिको शहरात शिरल्या होत्या, तह मात्र व्हायचा होता. अशा वेळी, २२ डिसेंबर १८४७ ला, या खासदारानं ठराव मांडला: रक्त सांडलं ती नेमकी जागा राष्ट्राध्यक्षांनी दाखवावी आणि ती तेव्हा खरोखर अमेरिकेची होती का, तेही सांगावं. हे युद्ध राष्ट्राध्यक्षांनी विनाकारण आणि घटनाबाह्य रीतीनं सुरू केलं, असं पंधरवड्याच्या आत सभागृहानं थोड्या मतांच्या फरकानं नोंदवलं. त्या बाजूनंही यानं मत दिलं. सैनिकांच्या रसदीचा प्रश्न आला तेव्हा मात्र तो रसदीच्या बाजूनं उभा राहिला. गावाकडची विरोधी वृत्तपत्रं त्याच्यावर तुटून पडली. तो खासदार म्हणजे अब्राहम लिंकन.

सैनिकांना रसद द्यायची आणि त्यांना तिथे धाडणाऱ्याला जाब विचारायचा, ही दोन्ही कामं एकाच माणसानं एकाच वेळी केली. मामांच्या मजकुराला ही गोष्ट शक्यच वाटत नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. मे १९१८. पहिलं महायुद्ध ऐन भरात, राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, रिपब्लिकन, कॅन्सस सिटीच्या वृत्तपत्रात लिहितात की राष्ट्राध्यक्षावर टीका करायचीच नाही, तो बरोबर असो की चूक, त्याच्यामागेच उभं राहायचं, असं सांगणं देशभक्तीला धरून नाही. ती लाचारी आहे आणि अमेरिकी जनतेशी केलेला नैतिक द्रोह आहे. हे घरात सुरक्षित बसून लिहिलेलं नव्हतं. त्यांचे चारही मुलगे युद्धावर होते. लेख छापून आल्यावर दोन महिन्यांनी, १४ जुलैला, धाकटा क्वेंटिन फ्रान्समध्ये विमानासह पाडला गेला. वय वीस. ज्याच्या घरातून चार मुलं आघाडीवर गेली, त्या बापाला सरकारला प्रश्न विचारायचा हक्क नाही, असं त्याच्या तोंडावर कोण म्हणेल?

आता या मजकुरात जेवढं खरं आहे, तेवढं मान्य करते. अमेरिकेनं टीकाकारांना तुरुंगात टाकलं आहे. त्याच १९१८ मध्ये समाजवादी नेते यूजीन डेब्स यांना ओहायोतल्या एका युद्धविरोधी भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी १७९८ मध्ये, फ्रान्सशी समुद्रावर चकमकी चालू असताना, फेडरलिस्ट पक्षानं राजद्रोहाचा कायदा केला. तो कायदा बारकाईनं पाहण्यासारखा आहे. राष्ट्राध्यक्षाची आणि काँग्रेसची बदनामी करणं गुन्हा ठरलं, पण उपराष्ट्राध्यक्षाचा उल्लेख त्यात नव्हता. कारण उपराष्ट्राध्यक्ष होते थॉमस जेफरसन, म्हणजे विरोधी पक्षाचे नेते. त्यांच्याबद्दल कुणी काहीही लिहावं! आणि कायद्याची मुदत संपत होती ३ मार्च १८०१ ला, राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी. देशरक्षणाच्या नावानं आणलेला कायदा आतून किती निव्वळ पक्षाचा असू शकतो, हे इतकं उघडं क्वचितच दिसतं.

पण या दोन्ही गोष्टींचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १७९८ च्या कायद्याखाली तुरुंगात गेलेले व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन कोठडीतूनच पुन्हा निवडून आले. डेब्स अटलांटाच्या तुरुंगातून १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले आणि त्यांना नऊ लाखांहून जास्त मतं पडली. डेब्स यांच्या वेळचा, १९१८ चा राजद्रोहाचा कायदा काँग्रेसनं १९२० च्या अखेरीस रद्द केला, आणि डेब्स यांची सुटका केली ती विल्सन यांच्यानंतर आलेल्या रिपब्लिकन हार्डिंग यांनी. या कायद्यांचा अभिमान आज अमेरिकेत फारसं कुणी बाळगत नाही. आपण मात्र त्यांना आदर्श म्हणून पुढे ढकलतो आहोत.

पक्षभेद संपतात, ही समजूत बहुधा सिनेटर आर्थर व्हँडेनबर्ग यांच्यामुळे पसरली. राजकारण समुद्रकिनाऱ्यापाशी थांबतं, देशाबाहेरच्या प्रश्नांत आणू नये, हे वचन त्यांच्या नावावर आहे. स्वतः रिपब्लिकन असून त्यांनी १९४७-४८ मध्ये डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना मार्शल योजनेसाठी, म्हणजे युद्धानंतरच्या युरोपला उभं करण्याच्या मदतीसाठी, साथ दिली. मोठी गोष्ट होती ती. पण ती साथ प्रश्न विचारून, आराखड्यात बदल करून घेऊन दिलेली होती. आणि तो काळ सलोख्याचा म्हणावा, तर फेब्रुवारी १९५० मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट भरल्याचा आरोप केला आणि देशभक्तीचे दाखले वाटायचं काम स्वतःकडे घेतलं. १ जून १९५० ला त्यांना सिनेटमध्ये उभं राहून विरोध केला तो मेनच्या मार्गारेट चेस स्मिथ यांनी. त्या मॅकार्थींच्याच पक्षाच्या होत्या. सिनेटला त्यांचा निषेध करायला मात्र डिसेंबर १९५४ उजाडला.

झेंडा आणि प्रतिज्ञा. इथे मजकूर सरळ खोटं बोलतो.

प्रतिज्ञा १८९२ ची, फ्रान्सिस बेलामी यांनी एका मासिकासाठी लिहिलेली. ती सक्तीची करण्याचा प्रयत्न झाला होता. पेनसिल्व्हेनियात यहोवाचे साक्षीदार या पंथातल्या दोन भावंडांनी झेंड्याला वंदन करायला नकार दिला, कारण त्यांच्या श्रद्धेनुसार असं वंदन फक्त देवाला. शाळेनं त्यांना काढून टाकलं. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८ विरुद्ध १ मतांनी शाळेची बाजू घेतली. त्यानंतर देशभर या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले, मेन राज्यात केनेबंक इथे त्यांची प्रार्थनेची जागा जाळली गेली. करणारे सगळे स्वतःला देशभक्तच म्हणवत होते.

तीनच वर्षांत न्यायालयानं स्वतःचा निकाल फिरवला. तारीख होती १४ जून १९४३, तिथला ध्वजदिन. अमेरिकी तरुण त्या वेळी पॅसिफिकमध्ये आणि उत्तर आफ्रिकेत होते. देशभक्तीच्या नावानं सक्ती करायला याहून सोयीची वेळ मिळाली नसती. तरी ६ विरुद्ध ३ मतांनी ठरलं की मुलांना झेंड्याला वंदन करायला भाग पाडता येणार नाही. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं की आपल्या घटनेच्या आकाशात एखादा अढळ तारा असेल तर तो हाच: राजकारण, राष्ट्रवाद, धर्म यांत कोणतं मत योग्य, हे कुणीही अधिकारी, मोठा असो वा छोटा, ठरवून देऊ शकत नाही.

या निकालाचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९८५ मध्ये केरळातल्या याच पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढलं गेलं होतं. ती उभी राहत, आदरानं राहत, फक्त गात नसत. आपल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी अमेरिकेच्या या निकालांचा आधार घेऊन मुलांच्या बाजूनं निर्णय दिला. अमेरिकेकडून काय घ्यायचं, हे आपल्या न्यायालयानं तेव्हाच ठरवून टाकलं आहे, मामा.

झेंडा जाळण्याबद्दल थोडक्यात. १९८४ मध्ये डॅलसला रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी ग्रेगरी ली जॉन्सन यानं झेंडा जाळला. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी त्याची शिक्षा रद्द केली. त्या पाचांत अँटोनिन स्कॅलिया होते, कट्टर परंपरावादी. काँग्रेसनं नवा कायदा केला, तोही १९९० मध्ये गेला. घटनाच बदलायचा प्रयत्न २००६ मध्ये सिनेटमध्ये अवघ्या एका मतानं हुकला. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी झेंडा जाळणाऱ्यांवर खटले भरण्याचा आदेश काढला, पण न्यायालयाचा निकाल त्या आदेशानं पुसला जात नाही. मला स्वतःला झेंडा जाळलेला बघवत नाही. हे कृत्य चांगलं आहे असं त्या न्यायाधीशांनीही म्हटलेलं नाही.

राष्ट्रगीताला उभं न राहिल्याबद्दल तुरुंग तर नाहीच. कॉलिन कॅपर्निक या फुटबॉलपटूनं २०१६ मध्ये कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाच्या निषेधार्थ आधी बसून राहायचं ठरवलं. नेट बॉयर या माजी सैनिकानं त्याला भेटून सुचवलं की बसण्यापेक्षा गुडघा टेक. शहीद साथीदाराच्या थडग्यापाशी सैनिक गुडघा टेकतात. तो टेकू लागला. पुढच्या हंगामापासून त्याला एकाही संघानं घेतलं नाही, अर्धा देश त्याच्यावर चिडला. पण त्याच्यावर खटला नाही झाला.

९/११ बद्दल. त्या संध्याकाळी दोन्ही पक्षांचे खासदार कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, पायऱ्यांवर एकत्र गायले, राष्ट्राध्यक्ष बुश यांची लोकप्रियता गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत ९० टक्क्यांवर गेली. इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. तीन दिवसांनी बळाच्या वापराची परवानगी मतदानाला आली. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ०, प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १. तो एक म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की हा कोरा धनादेश आहे. पुढची वीस वर्षं दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी तो कुठल्या कुठल्या देशांत वटवला, हे पाहिल्यावर आज त्यांचं मत वेडेपणाचं वाटत नाही. १९६४ मध्येही असंच घडलं होतं. टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर हल्ला झाल्याचं सांगितलं गेल्यावर व्हिएतनामसाठीचा ठराव ४१६ विरुद्ध ० आणि ८८ विरुद्ध २ असा संमत झाला. ज्या एकजुटीला मजकूर महासत्तेचं रहस्य म्हणतो, तिच्या पोटी ५८ हजारांहून जास्त अमेरिकी सैनिकांचे मृत्यू आले. व्हिएतनामी किती गेले, त्याची तर मोजदादच वेगळी.

आणि ती एकजूट टिकली किती? मॅक्स क्लीलंड यांचे दोन्ही पाय आणि एक हात व्हिएतनाममध्ये गेले होते. जॉर्जियाचे ते डेमोक्रॅट सिनेटर. अंतर्गत सुरक्षेच्या नव्या खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या हक्कांवरून त्यांचं सरकारशी जमलं नाही. २००२ च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध आलेल्या जाहिरातीत ओसामा बिन लादेन आणि सद्दाम हुसेन यांचे चेहरे दाखवले होते. क्लीलंड हरले. ९/११ ला तेव्हा जेमतेम चौदा महिने झाले होते. तीन अवयव देशाला दिलेल्या माणसाला ज्या मोजपट्टीनं देशभक्तीत कमी ठरवता येतं, ती मोजपट्टी कुणाच्याही हातात देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

राहिला राष्ट्राध्यक्षाच्या अपमानाचा मुद्दा. सैनिक, खासदार, नव्यानं नागरिक होणारी आपली मराठी माणसं, सगळे तिथे शपथ घेतात ती राज्यघटनेशी निष्ठेची. राष्ट्राध्यक्षाशी निष्ठेची शपथ नागरिकाला घ्यावी लागत नाही. पण लोकांच्या मनातून ही रेघ पुसट होत चालली आहे, हेही खरं. गॅलपच्या जून २०२५ च्या पाहणीत अमेरिकी असल्याचा खूप अभिमान वाटतो म्हणणारे रिपब्लिकनांमध्ये ९२ टक्के होते, डेमोक्रॅटांमध्ये ३६. व्हाइट हाउसमध्ये आपला माणूस नाही म्हणून देशाचा अभिमान उतरणं हीसुद्धा चूकच. देश आणि त्या वेळचा राष्ट्राध्यक्ष एकच, असं तेही नकळत धरून चालले आहेत.

मामांची नात न्यू जर्सीत चौथीत शिकते. रोज सकाळी वर्गात छातीवर हात ठेवून ती प्रतिज्ञा म्हणते, आवडीनं, मोठ्या आवाजात. तिच्या शेजारच्या बाकावरचा एक मुलगा त्या वेळी बसून राहतो. त्याच्या घरी चालत नाही, एवढंच तिला माहीत आहे. मी विचारलं, बाई काही म्हणत नाहीत का त्याला? ती म्हणाली, नाही, मग हजेरी घेतात ना.