बाभळीच्या बिया खा म्हणे!

एक फॉरवर्ड सगळ्या ग्रुपवर फिरतंय. ऑस्ट्रेलियातले आदिवासी निव्वळ शिकारीवर जगायचे, पीठ-भाकरी त्यांना गोऱ्यांनी शिकवली, बाभळीच्या बिया ते नाइलाजाने कच्च्याच चावायचे, आणि शेवटी फुकटचा सल्ला: बाभूळ आपल्याकडेही आहे, बिया खा, भरपूर प्रोटीन! एवढ्याशा मेसेजमध्ये एवढ्या थापा.

पिठाचं आधी घ्या. न्यू साउथ वेल्समधल्या कडी स्प्रिंग्जला सुमारे ३०,००० वर्षं जुन्या थरांत दळायचे दगड सापडलेत आणि गोऱ्यांची वसाहत झाली १७८८ मध्ये, मग कोणी कोणाला शिकवलं?

कच्च्या चावायचे म्हणणाऱ्याने मुल्गाची, म्हणजे तिथल्या एका बाभळीची, बी पाहिलेलीच नसणार, कवच भलतं टणक असतं. मध्य ऑस्ट्रेलियात वार्लपिरी, अरेंटे या आदिवासी जमातींच्या बायका शेंगा झोडपून बिया काढायच्या, कूलामन नावाच्या लाकडी परातीत पाखडायच्या, निखाऱ्यात नाहीतर गरम वाळूत भाजायच्या, परत पाखडून राख-टरफलं उडवायच्या आणि मग पाणी घालत घालत वाटायच्या, दगड साधारण आपल्या पाटा-वरवंट्यासारखे. ते सरसरीत वाटण तसंच खायचं किंवा गरम राखेत भाकर भाजायची. खालचा दगड एवढा जड की तो मुक्कामाच्या जागीच ठेवून जायचे, पुन्हा आलं की वापरायला तयार.

नाइलाजाने म्हणाल तर किंचित तथ्य आहे, काम कंबरडं मोडणारं, त्यामुळे मांस किंवा कंद हाताशी असले की एवढा खटाटोप कशाला. पण कोरड्या दिवसांत पोट यावरच भरायचं, त्याला नुसतं नाइलाजाचं खाणं कसं म्हणणार? आणि हे वाटण-कुटण मागे पडलं ते मुख्यतः ख्रिस्ती मिशन आणि गोऱ्यांच्या गुरं पाळायच्या मोठ्या फार्मांवर (तिकडे त्यांना स्टेशन म्हणतात) रेशनचा मैदा मिळायला लागल्यावर.

सल्ला मात्र डेंजर आहे. अकेशियाच्या, म्हणजे बाभळीच्या कुळातल्या, तिथे हजाराच्या आसपास जाती, खाण्यातल्या मोजक्याच. जॉर्जिना गिजी ही तिथलीच एक, तिच्यात फ्लुओरोअॅसिटेट नावाचं विष असतं, ते खाऊन गुरं मरतात! कोकण-गोव्यात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ तर मध्य ऑस्ट्रेलियाच्या त्या वाळवंटातली नाहीच, ती उत्तरेकडच्या दमट भागातली. आफ्रिकेतल्या नायजरमध्ये मराडीकडे अकेशिया कोलेई या ऑस्ट्रेलियन जातीच्या बिया लोकांच्या जेवणात आणायच्या होत्या, ही जात ऑस्ट्रेलियातले आदिवासी आधीपासून खात आलेले, तरीही आधी तपासण्या केल्या, माणसांवर चाचणी घेतली. आणि हा फॉरवर्डवाला म्हणतो, कुठलीही बाभूळ चालेल.